दवातले पान आणि पास्त्याचे यंत्र

काल संध्याकाळी आप्पाकाकांचा फोन आला. फोनवर प्रस्तावना करणे त्यांना जमत नाही आणि मान्यही नाही. "विनू, दव पडाय लागलंय," एवढेच बोलून ते थांबले.

"कितपत?" मी विचारले.

"सकाळी खळ्यात उतरलो तर मागं पावलं उमटली. यंत्राला तेल घाल." आणि फोन बंद.

मी गॅलरीत तसाच उभा राहिलो. भाट्याच्या खाडीवरून येणारा वारा नेहमीसारखाच खारट आणि कोमट होता. शहरात अजून थंडीचा मागमूस नव्हता. पण सहलीच्या आदल्या दिवशी मुलांच्या छातीत होते तशी धडधड मला स्पष्ट ऐकू येत होती. पन्नाशी मागे टाकलेल्या, शाळेत मराठी शिकवणाऱ्या, चारचौघांत आवाजही न चढवणाऱ्या माणसाला दव पडल्याच्या बातमीने असे व्हावे, याची मला जराशी लाज वाटली. लाज वाटली म्हणून धडधड थांबली मात्र नाही. आत जाऊन मी कपाटावरचा खोका खाली घेतला आणि धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेले यंत्र टेबलावर मांडले.

"आला वाटतं दवाचा सांगावा," स्वयंपाकघरातून सुनंदा, माझी पत्नी, म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"अजून खोबरेलाची बाटली कुठे आहे म्हणून विचारलं नाहीत. पण विचाराल."

मी विचारणारच होतो.

कोकणातली थंडी अंगाला लागण्याआधी डोळ्यांना दिसते. घाटावरच्या लोकांना ज्या थंडीचा अभिमान असतो ती आमच्या वाट्याला येत नाही. शाल कपाटातून निघते ती लग्नकार्यापुरती. पण मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी माणूस दार उघडतो आणि जांभ्या दगडाच्या कुंपणाचा गडगा ओला दिसतो. पाऊस तर पडलेला नसतो. गवताच्या प्रत्येक पात्यावर कोळ्याने रात्री घातलेले जाळे एकाएकी उघडे पडते. कलमांच्या पानांवरून थेंब खालच्या पाचोळ्यावर पडत राहतात. डोळे मिटून ऐकले तर कोणीतरी अनवाणी, फार जपून चालत येत आहे असे वाटते. त्याच दिवसांत आंब्याच्या शेंड्यांना तांबूस कोंब फुटतात. मोहोराचा वास अजून आलेला नसतो, पण येणार याची खात्री हवेत असते. वर्षभरात मला सर्वांत आवडणारे दिवस हेच. आणि या दिवसांना माझ्या मनात कायमचा चिकटलेला दुसरा एक वास आहे, मध, धूर आणि वाळलेले गवत एकत्र कुटल्यासारखा. तो आमच्या परसातल्या तंबाखूचा.

पावसच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडी वर, आमची वाडी. तिथे आप्पाकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आणि काकू राहतात. भात कापून झाले की विहिरीच्या पाटाला लागून काका तंबाखूचा एक वाफा करतात. तंबाखूचे बी इतके बारीक असते की चिमटीत धरले तरी चिमूट रिकामीच भासते. राखेत कालवून फेकावे लागते, नाहीतर सारे एकाच ठिकाणी पडते. त्या धुळीतून पाहता पाहता माणसाच्या छातीला लागतील अशी झाडे उठतात, गुरांच्या कानांसारखी रुंद, लवदार पाने घेऊन. वरचा कळा खुडायचा, बगलेतले फुटवे मोडत राहायचे, म्हणजे झाडाचा सारा जीव पानात उतरतो. हे काम करणाऱ्याच्या बोटांना काळा चीक बसतो आणि तो साबणाने जात नाही. पान पिवळट झाले की कापायचे, सुंभात ओवायचे आणि चुलीच्या वर माळ्याला टांगून विसरून जायचे. उन्हाळा जातो, पावसाळा जातो. कौलांतून झिरपणारा चुलीचा धूर आणि पावसाआधीची, आगोटीची दमट हवा त्या पानांत मुरत राहते. पुढच्या थंडीत खाली काढलेल्या पानाला जुन्या गुळाचा रंग आलेला असतो.

आता मौज अशी, की त्या घरात तंबाखू कोणीही खात नाही आणि ओढत नाही. काकांनी डॉक्टरांच्या धाकाने सोडली. मी पूर्वी दुपारच्या सुट्टीत चिमूटभर मळत असे. तीही सुटली, आणि ती सुटली याबद्दल मी कृतज्ञ आहे. या वनस्पतीने किती घरे पोखरली हे मला ठाऊक आहे, आणि तिच्याविषयी इतक्या हर्षाने लिहिताना माझी लेखणी मधूनमधून अडखळते तेही त्यामुळेच. मग हा वाफा कशासाठी? काकूंच्या शब्दांत सांगायचे तर, "एका विडीसाठी. ती पण जो ओढतो तो दिसत नाय."

बागेच्या वरच्या अंगाला, गडग्याच्या कोपऱ्यात, किंजळीच्या झाडाखाली एक उभा दगड आहे. तो आमच्या वाडीचा राखणदार. कलमांची, गुरांची, अवेळी वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांची राखण तो करतो. मोहोर फुटू लागला की वाडी त्याच्यापाशी जमते. त्याला नारळ, तांदळाचा रोट आणि कुड्याच्या पानात वळलेली एक विडी द्यायची. विडी पेटवून दगडाच्या पायाशी ठेवायची आणि तिचा धूर वर जात असताना गाऱ्हाणे, म्हणजे वाडीच्या वतीने मागणे, घालायचे. गाऱ्हाणे काका घालतात. त्यात एक वाक्य ठरलेले आहे: "ह्या हातानं लावली, ह्या हातानं कातरली, तुज्या पुढ्यात ठेवली." तंबाखू त्याच मातीतली हवी आणि गाऱ्हाणे घालणाऱ्याने ती स्वतः कातरलेली हवी, कारण राखणदारापुढे खोटे बोलता येत नाही. उरलेल्या सूपभर तंबाखूतून मग प्रत्येक घर एकेक चिमूट घेऊन जाते आणि गोठ्याच्या दारावर ठेवते.

लहानपणी मी काकांना कातरताना पाहिले आहे. विळी पायाखाली दाबून ते खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसत. पाच-सहा पानांची घट्ट गुंडाळी डाव्या हातात, आणि पात्यावर तिचा शेंडा इतका हळू सरकत असे की गुंडाळी पुढे जाते आहे हे कळतच नसे. पलीकडे सुपात मात्र केसांसारखे धागे पडत राहत. कर्र, कर्र असा तो आवाज. मी शिंकू लागलो की ते वर न बघता म्हणत, "वाऱ्याच्या त्या अंगाला बस मेल्या."

पुढे त्यांच्या हातांत कंप शिरला. आधी बशीतला चहा सांडू लागला, मग सदऱ्याची बटणे काकू लावू लागल्या. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत विळीने त्यांचे बोट कापले. खोल नव्हते, पण पानांवर रक्त सांडले आणि ती पाने देवाच्या कामाची राहिली नाहीत. त्या वर्षी दुकानातून विड्यांचे बंडल आणले गेले. त्या दिवशीचे गाऱ्हाणे मला आठवते. नेहमीच्या वाक्यापाशी काका आले आणि थांबले. "तुज्या पुढ्यात ठेवली," एवढेच म्हणून पुढे गेले. "व्हय म्हाराजा" म्हणणारी वाडीही तिथे क्षणभर अडली.  परतताना काका मला म्हणाले, "पुढल्या साली हात नाय चालला तर वाफा मोडनार. गाऱ्हाणं दुसऱ्या कोणी घालावं. अर्ध्या तोंडानं घालायचं नाय."

मी म्हणालो, "मी कातरून देतो."

"तू?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, फक्त अंदाज होता.

तरी मी विळीवर बसलो. माझे तुकडे बोटभर रुंद निघाले. काकूंनी ते उचलून पाहिले आणि विचारले, "गाय ओढते काय रे विडी?"

मागच्या थंडीची गोष्ट इथून सुरू होते. माझी मुलगी मृण्मयी पुण्यात नोकरी करते. घर बदलताना तिने नको असलेले सामान आमच्याकडे आणून टाकले, त्यात हाताने फिरवायचे पास्त्याचे यंत्र होते. चकचकीत, जड, टेबलाच्या कडेला मळसूत्राने आवळून बसवायचे, बाजूला लाकडी मूठ असलेला दांडा. मैद्याची पोळी एका अंगाने सोडायची आणि दुसऱ्या अंगाने तिच्या सारख्या बारीक पट्ट्या निघतात. तिने एकदाच पास्ता केला होता. ते यंत्र पुसून वर ठेवताना दांडा सहज फिरला. आतली दातेरी रुळांची जोडी एकमेकांत गुंतून सरसर फिरली, आणि मला विळीचे ते पाते दिसले. एकाच्या जागी शंभर पाती, ओळीने उभी.

तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. स्टुलावर उभा राहून मी तो दांडा पुन्हा पुन्हा फिरवत होतो.

"पडाल," सुनंदा म्हणाली.

"हे बघ, हे कातरतं."

"पास्ता कातरतं."

मी खाली उतरलो आणि त्यात वर्तमानपत्राची घडी घातली. पट्ट्या निघाल्या. मग परसदारच्या कुंडीतले अळूचे पान घातले. त्याचा चिखल झाला आणि दुपारभर माझे हात खाजत राहिले, पण पट्ट्या दिसत होत्या. मी लगेच काकांकडून एक जुडी मागवली. कशासाठी ते सांगितले नाही. त्यांना आधी आशा दाखवावी आणि मग ती मोडावी, हे मला नको होते. निदान तसे मी स्वतःला सांगितले. खरे तर सारे जमवून एकदम त्यांच्यापुढे ठेवावे, त्यांनी थक्क व्हावे, ही हौस त्यामागे होती.

पहिल्या दिवशी भर दुपारी पान रुळांत घातले. ते कुरकुरले आणि त्याची पूड झाली. ती पंख्याच्या वाऱ्याने घरभर पसरली. शेजारच्या दारापर्यंत शिंका पोहोचल्या. सुनंदा पदराने नाक दाबून म्हणाली, "तपकिरीचा कारखाना काढायचा असेल तर आधी सांगा, मी माहेरी जाते."

दुसऱ्या दिवशी पानांवर पाणी शिंपडले. आता ती इतकी ओली झाली की रुळांना चिकटून आतच गुंडाळली गेली. दांडा पुढे जाईना, मागे येईना. चिमट्याने, सुईने, शेवटी हेअरपिनने मी तो काळा चिकटा बाहेर काढला. आणि मग कोकणातला कोणताही स्वच्छताप्रिय माणूस करील तेच केले. यंत्र नळाखाली धरून घासून धुतले आणि गॅलरीत वाळत ठेवले. रात्रभर खाडीवरचा वारा त्याच्यावरून गेला. सकाळी माझ्या चकचकीत यंत्राला गेरू फासल्यासारखा तांबडा रंग आला होता.

मी बराच वेळ त्याच्यासमोर बसलो. दुसऱ्याची वस्तू, तीही लेकीची, आपण उतावीळपणे बिघडवली, याचे वाईट वाटत होते. पण खोबरेल तेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन एकेक दाता घासताना हळूहळू माझ्या लक्षात आले, की पान मला सारखे काहीतरी सांगत होते. कोरडे असताना ते फुटत होते, ओले असताना लोळत होते. त्याला हवी होती या दोहोंमधली स्थिती. ती नळाच्या पाण्याने येत नाही. ती कशाने येते हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. काका पाने कधीच दुपारी कातरत नसत. आदल्या संध्याकाळी ती खळ्यातल्या मांडवावर पसरत आणि सकाळी सडा, म्हणजे वरचे कातळाचे पठार, ओलांडून ऊन खाली येण्याआधी विळीवर बसत. "पान दवाला घातलंय," असे काकू म्हणत. ते शब्द माझ्या कानांवर इतके पडले होते, की त्यांत काही सांगितलेले आहे हेच मी विसरून गेलो होतो.

त्या शनिवारी यंत्र मांडीवर घेऊन मी एसटीने वाडीला गेलो. वाहकाने विचारले, "शेवयांचा साचा काय?" मी मान डोलावली. खरे सांगायला बराच वेळ लागला असता.

संध्याकाळी माळ्यावरच्या जुड्या सोडून पाने मांडवावर पसरली. काका पडवीत बसून पाहत होते. "काय चाललंय ह्याचं?" त्यांनी काकूंना विचारले.

"सकाळी कळंल म्हणतो."

"सकाळपर्यंत जागायला नको, एवढंच."

जागा मीच राहिलो. तांबडे फुटायच्या आधी उठून खळ्यात आलो तर पायाखालची सारवलेली जमीन गार आणि मऊ झाली होती. मांडवावरून एक पान उचलले. काल बोटाने दाबले तर मोडले असते ते पान आता जुन्या रेशमासारखे हातावरून लोंबत होते. मधली शीर शेंड्याकडून धरून ओढली तर एका ओढीत निघून आली. यंत्र बाकाच्या कडेला आवळले. दोन पाने एकावर एक ठेवून रुळांच्या तोंडाशी दिली आणि दांडा फिरवला.

तो आवाज मी कसा सांगू. कर्र नव्हे, ओल्या वाळूवरून लाट मागे जाताना येतो तसा. आणि खालून धागे उतरू लागले. लांब, सारखे, तांबूस, दवाने किंचित चमकणारे. सुपात त्यांची रास वाढू लागली तसा तो मधाचा, धुराचा, गवताचा वास खळ्यात पसरला. पूर्वेकडे सड्याच्या कडेवर उजेडाची रेघ आली होती; ऊन खळ्यात उतरेपर्यंतच ही संधी होती. उजव्या हाताने दांडा, डाव्या हाताने पान, हनुवटीने पुढचे पान रेटायचे, अशी माझी तारांबळ चालली होती. इतका आनंद मला किती दिवसांत झाला नव्हता. ऊन मांडवाच्या टोकाला लागले तेव्हा एक जुडी सोडून सारी पाने संपली होती आणि सूप भरले होते.

काका काठी टेकत खळ्यात आले. मी सूप पुढे केले. त्यांनी चिमूट उचलली, वास घेतला, धागा उजेडात धरला. त्यांच्या बोटांत तो थरथरत होता.

"बारीक झाली," ते म्हणाले. "माज्यापेक्षा बारीक."

मी वाट पाहत राहिलो.

"पण कातरली कोणी?"

"यंत्राने. म्हणजे, मी."

"मंग गाऱ्हाण्यात काय सांगू? ह्या हातानं कातरली? कुठल्या हातानं?" त्यांनी चिमूट सुपात परत टाकली. "चांगली हाय रे. खोटं नाय बोलत. पण माजी नाय ती." आणि ते वळून पडवीत जाऊन बसले.

ऊन आता खळ्यात आले होते. सुपातले धागे माझ्या डोळ्यांदेखत कोरडे होऊन आक्रसू लागले. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मिरच्यांवर मावा पडलाय," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याचा काढा करून मारते. वाया नाय जायचं." ते त्यांचे सांत्वन होते, हे मला समजले.

त्या दिवशी मी बागेत उगाच फिरत राहिलो. कलमाकलमाला हात लावत होतो. स्वतःला दोष देणे हा माझा जुना, सोयीचा व्यवसाय आहे. दोष दिला की काम संपल्यासारखे वाटते. पण त्या दिवशी तेवढ्याने भागेना. मी काकांचा वाफा वाचवायला आलो होतो आणि त्यांच्या हातातले काम काढून घेऊन बसलो होतो. ते पडवीत बसून होते, मी त्यांच्याकडे एकदाही वळून पाहिले नाही. ते आता गाऱ्हाणे सोडतील, पुढच्या वर्षी त्या पाटाला वांगी लागतील, आणि किंजळीखालच्या दगडाला कोणीतरी दुकानातली विडी देईल. दगडाचे काही बिघडणार नव्हते. काकांचे मात्र बिघडणार होते.

दुपारी चहा झाला. बशी काकांच्या हातात टकटक वाजत होती. काकूंनी तिला खालून हात दिला. चहा पिऊन ते विहिरीवर गेले. मी मागोमाग गेलो, पाणी काढून देऊ या विचाराने. पण त्यांनी आधीच कळशी सोडली होती. रहाटावरून दोर सरसरत खाली गेला. मग त्यांनी दोर धरला आणि ओढायला सुरुवात केली. मी बोलायला उघडलेले तोंड मिटले. भरलेली कळशी वर येत होती, आणि त्यांचे हात कापत नव्हते. एकावर एक हात पडत होता, संथ, सरळ, चाळीस वर्षांपूर्वी पडत असे तसा. कळशी काठावर ठेवली, दोर सोडला, आणि रिकामे झालेले हात पुन्हा थरथरू लागले.

मी तिथून जवळजवळ धावतच खळ्यात आलो. उरलेली एक जुडी मांडवावर पसरली. काकू म्हणाल्या, "अरे, ऊन हाय अजून." मी म्हणालो, "असू दे." संध्याकाळपर्यंत मला धीर धरवत नव्हता.

सकाळी दव आदल्या दिवसापेक्षाही दाट होते. आंब्याच्या पानांवरून पाणी अक्षरशः गळत होते. मी यंत्र बाकाला आवळले, शिरा काढून पाने तयार ठेवली आणि पडवीच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो. काका उठून बसले होते.

"काका, मला एकट्याला जमत नाही. पान सोडायला एक माणूस लागतो आणि दांडा फिरवायला एक. पान मी सोडतो."

"माजे हात बघतोस ना?"

"बघितले. काल विहिरीवर."

 काका काठी घेऊन उठले. बाकापाशी येऊन त्यांनी यंत्राला चारही बाजूंनी न्याहाळले. "चावतं काय ह्ये?"

"दात आत आहेत. आपला हात बाहेर राहतो."

"विळीचं तसं नव्हतं," ते म्हणाले, आणि मूठ धरली. लगेच सारे यंत्र खडखडू लागले. तो कंप मुठीतून दांड्यात, दांड्यातून बाकात उतरला. त्यांनी मूठ सोडायला हात सैल केला. मी घाईने पान रुळांच्या तोंडाशी दिले. "ओढा," मी म्हणालो. "कळशी आहे समजा."

त्यांनी दांडा ओढला. दातांनी पान धरले, दांड्याला भार आला, आणि खडखड थांबली. फक्त तो लाट ओसरल्यासारखा आवाज राहिला. पहिला झुपका सुपात पडला. काकांनी खाली वाकून पाहिले, पुन्हा एक फेरा, पुन्हा वाकून पाहिले. मग पाहणे सोडून दिले आणि फिरवत राहिले. डोळे समोर, सड्याकडे. मी पानामागून पान देत होतो आणि मला पुरे पडत नव्हते.

"हळू," मी म्हणालो.

"तूच जरा हात चालव मेल्या. ऊन येतंय."

काकू दारात उभ्या होत्या. "झालं," त्या म्हणाल्या, "आता पानं संपली की माजं लुगडं घालतील त्यात."

"तू गप गो," काका म्हणाले. ते हसत होते.

ऊन खळ्यात आले तेव्हा शेवटचे पान रुळांखाली गेले होते. सूप भरले नव्हते, अर्ध्यापेक्षा थोडे कमीच होते. काकांनी दांडा सोडला. हात पुन्हा कापू लागले, पण त्यांनी ते लपवले नाहीत. तसेच थरथरत्या चिमटीने त्यांनी तंबाखू उचलली, नाकाशी नेली, आणि डोळे मिटले.

राखणेच्या, म्हणजे राखणदाराला विडी-नारळ द्यायच्या, दिवशी वाडी किंजळीखाली जमली; सुनंदाही शहरातून आली होती. कुड्याचे पान काकूंनी आणले, विडी मी वळली. काकांनी ती पेटवून ठेवली. धूर सरळ वर गेला. मोहोराला त्या दिवसांत पहिला वास आला होता. काकांनी हात जोडले आणि त्यांचा आवाज चढला. कलमांसाठी मागितले, गुरांसाठी मागितले, मुंबईत असलेल्यांसाठी मागितले, आणि प्रत्येक मागण्यावर वाडी "व्हय म्हाराजा" म्हणत गेली. मग ते वाक्य आले. "ह्या हातानं लावली," काका म्हणाले. "ह्या हातानं कातरली." इथे ते थांबले.  त्या आधीच्या वर्षी ते इथेच अडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा दगडाकडे वळले. "विनूनं पान धरलं. तुज्या पुढ्यात ठेवली."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

दगडात कोणी आहे की नाही याविषयी माझे मत विचारले तर मी आजही खाली मान घालीन. पण त्या दिवशी सर्वांत मोठ्याने कोण म्हणाले, हे विचारले तर ते मीच, असे सुनंदा सांगते. तिने तेव्हाच वळून पाहिले होते, कारण माझा तसा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

हे सारे मागच्या थंडीतले. आता टेबलावर यंत्र आहे, खोबरेलाची बाटली आहे. एकेका दात्यातून ब्रश फिरवताना गेल्या वर्षीचा चिकटा निघतो आणि त्या वासाने सारे घर भरून जाते. काल रात्री मृण्मयीचा फोन आला होता. तिला पास्त्याची हुक्की आली आहे, यंत्र कुरियरने पाठवाल का, असे विचारत होती. मी तिला समजावून सांगू लागलो की आता त्यातून निघणारा पास्ता कोणाला मानवणार नाही, पण ती हसण्यातच गुंतली. शेवटी तिला नवे घेऊन देतो म्हणालो. माझ्यासारख्या माणसाने लेकीची वस्तू परत न देणे बरे नव्हे. तरी या एका बाबतीत मला पश्चात्ताप होत नाही.

आणि आत्ता, पहाटेच्या या गाडीला निघण्यासाठी पिशवी भरत असताना, पुन्हा काकांचा फोन.

"निघालास काय?"

"निघतोच आहे. काका, मला एखादे वेळी रजा नाही मिळाली तर शेजारच्या कोणालाही पान धरायला बसवत जा. सोपं काम आहे."

 पलीकडे कोंबडे आरवत होते, आणि कसलेसे थेंब पत्र्यावर पडत होते.

"तसं नाय चालत," काका म्हणाले. "मागल्या साली तुजं नाव सांगून बसलोय त्याला. आता बदलता येत नाय. ये लवकर, पानं मांडवावर हायत."